एकाच छिद्रात दहा गोळ्या का जात नाहीत

50 मीटर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा असतो. शर्टाच्या बटणाएवढा. बाहेरची प्रत्येक रिंग 8 मिलिमीटर रुंद. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, 10.0 पासून 10.9 पर्यंत, म्हणजे एका दशांशामागे 0.8 मिलिमीटर. पेन-पेन्सिलीत घालतो त्या शिशाच्या जाडीएवढं अंतर. नाशिकला नेमबाजीचे धडे घेतलेल्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघा टेकून, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं ते 451.4 गुणांवर. त्यातला तो '.4' या असल्या शिशाएवढ्या अंतरांतून जमलेला असतो.

आता एक प्रयोग डोळ्यांसमोर आणा. उत्तम रायफल घेतली, तिची नळी आणि ॲक्शन (काडतूस भरणारी आणि झाडणारी यंत्रणा) लोखंडी शिकंजात घट्ट आवळली, वारा नसलेल्या बंद बोगद्यात 50 मीटरवर दहा गोळ्या झाडल्या. माणूस नाही, श्वास नाही, हाताचा थरकाप नाही. तरी दहाही गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत. छिद्रांचा पुंजका पडतो. त्यालाच नेमबाज ग्रुप म्हणतात. हा पुंजका कुठून येतो हे कळलं की रायफल, काडतूस, दुर्बीण यांपैकी कशावर पैसे घालायचे आणि कशावर नाही, हे आपोआप कळतं.

काडतूस उघडून पाहिलं तर

रायफलच्या काडतुसात चारच गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, ठिणगी देणारं प्रायमर, जळणारी दारू आणि पुढे बसवलेली गोळी. आपल्याकडे रेंजवर जास्त दिसतं ते .22 लाँग रायफल. 1887 सालचं हे काडतूस आजही ऑलिंपिकमध्ये चालतं. त्याची रिकामी पुंगळी हातात घेऊन बूड पाहा. मध्ये प्रायमरची टिकली नाही. बुडाची कड बाहेर दुमडलेली आहे आणि त्या घडीच्या आत, पोकळीत, प्रायमरचं मिश्रण आहे. ते ओलं असताना पुंगळी गरगर फिरवून कडेत पसरवतात. घोडा पडला की स्ट्रायकर ती कड चेपतो, आतलं मिश्रण चिरडलं जातं आणि ठिणगी पडते.

इथेच पहिली गोम आहे. मिश्रण कडेत सगळीकडे सारखं पसरलं नाही, एका बाजूला कणभर जास्त बसलं, तर ठिणगी कमी-जास्त होते. मग दारू जरा वेगळी पेटते आणि गोळीचा वेग बदलतो. मॅचच्या .22 गोळीचा वेग सेकंदाला साधारण 327 मीटर असतो. 50 मीटर जायला तिला 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. हे खाली येणं साइटने भरून काढलेलं असतं, पण ते नेहमीच्या वेगासाठी. एखादी गोळी 5 मीटर प्रतिसेकंद हळू निघाली तर तिला जास्त वेळ लागतो आणि ती जवळपास 4 मिलिमीटर आणखी खाली लागते. म्हणजे अर्धा गुण गेला. नेमबाजाची यात काहीच चूक नव्हती.

म्हणून ग्रुप उभा लांबट पडत असेल, वर-खाली पसरलेला, तर आधी काडतुसाकडे बघायचं. आडवा पसरत असेल तर वाऱ्याकडे, किंवा पोझिशनकडे. हा नियम शंभर टक्के लागू होत नाही, कारण श्वास चुकला तरीही शॉट वर-खाली जातात. पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यातून ठरतं.

एकच ब्रँड, तरी लॉट वेगळा

खोक्यावर ब्रँडच्या नावाखेरीज एक लॉट नंबर छापलेला असतो. त्याच यंत्रावर, त्याच प्रायमर आणि दारूच्या घाण्यातून निघालेली काडतुसं एका लॉटची. दोन लॉट एकाच ब्रँडचे असूनही एकाच रायफलमधून अगदी वेगळे ग्रुप देऊ शकतात. आणि उलटही होतं. शेजारच्या लेनवरच्या रायफलला जो लॉट उत्तम लागतो तो तुमच्या रायफलला चालेलच असं नाही, दोन्ही रायफली एकाच कंपनीच्या असल्या तरी. नळीच्या आतल्या पोकळीचं माप, चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं, माप आणि गोळी सुटण्याच्या क्षणी नळीचं टोक कुठल्या कंपनावर असतं, हे प्रत्येक रायफलचं स्वतःचं असतं.

म्हणून वरच्या पातळीचे नेमबाज रायफल घेऊन काडतूस कंपनीच्या युरोपातल्या टेस्ट रेंजवर जातात. तिथे रायफल शिकंजात आवळून लॉटमागून लॉट झाडले जातात आणि जो आवडेल त्याचा साठा उचलला जातो. .22 चं एक खोकं 50 चं, दहा खोक्यांची एक ब्रिक 500 ची. एकदा लॉट लागला की मोसमभराचा घेऊन ठेवायचा, कारण तो संपला की तसाच पुन्हा मिळत नाही.

युरोपला जाणं प्रत्येकाला जमणार नाही. क्लबच्या रेंजवर करता येईल ते असं. चार-पाच वेगवेगळ्या लॉटचं प्रत्येकी एक खोकं घ्या. सकाळी वारा पडलेला असताना बसा. रायफल सँडबॅगवर पुढून-मागून टेकवा, बटला खांद्याचा दाब प्रत्येक वेळी सारखाच. लॉट बदलला की पहिल्या 10-15 गोळ्या मोजायच्या नाहीत. .22 च्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा थर असतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि नळीत आधीचा थर निघून नवा बसायला तेवढ्या गोळ्या जातात. बहुतेकांची चाचणी फसते ती इथेच. आधीच्या लॉटचा थर नळीत असताना नव्या लॉटला नापास केलं जातं.

त्यानंतर प्रत्येकी दहा गोळ्यांचे किमान दोन ग्रुप. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर कधीच निर्णय घेऊ नका. हे गणितच तसं आहे. रायफल आणि काडतूस तेच ठेवून तीन गोळ्यांचे खूप ग्रुप पाडले आणि दहा गोळ्यांचे खूप ग्रुप पाडले, तर दहाचे ग्रुप सरासरी दीडपटीहून थोडे मोठे येतात. पाचच्या तुलनेत दहाचे सुमारे सव्वापट. म्हणजे तीन गोळ्या एका छिद्रात गेल्या म्हणून फोटो काढणाऱ्याची रायफल चांगली आहे असं नव्हे, त्याने गोळ्या कमी झाडल्या आहेत. ग्रुप मोजताना छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात मोठं अंतर घ्या आणि त्यातून 5.6 मिलिमीटर, म्हणजे गोळीची जाडी, वजा करा. राहतं ते केंद्रापासून केंद्रापर्यंतचं खरं माप.

ॲक्शनचे स्क्रू टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापालाच आवळलेले हवेत. हाताच्या अंदाजाने आवळलेला एक स्क्रू अख्ख्या चाचणीवर पाणी फिरवतो.

परदेशी लोक पुंगळी पुन्हा का भरतात

मोबाइलवर हजार मीटरच्या नेमबाजीचे व्हिडिओ पाहणारी मुलं हमखास विचारतात की ते टेबलावर बसून स्वतः काडतुसं भरतात तसं इथे का नाही. उत्तराचे दोन भाग आहेत, तांत्रिक आणि कायद्याचा.

तांत्रिक असं की .22 पुन्हा भरता येत नाही. कड एकदा चेपली की ती गेली, आणि आतलं मिश्रण पुन्हा सारखं पसरवणं घरी होणारं काम नाही. पुन्हा भरतात ती मधोमध प्रायमर असणारी, मोठ्या रायफलची काडतुसं, उदाहरणार्थ .308. तिथे जुनं प्रायमर ठोकून काढता येतं आणि नवं दाबून बसवता येतं.

कायद्याचं स्पष्ट सांगायला हवं. शस्त्र कायदा 1959 मध्ये परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान 7 वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसं बनवायची यंत्रं यांनाही हा कायदा दारूगोळाच मानतो. तेव्हा 'नुसती प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) मागवली, दारू तर नाही आणली' असला युक्तिवाद उपयोगाचा नाही. हौस म्हणूनही या वाटेला जाऊ नका.

तरीही ती प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे, कारण काडतुसात सारखेपणा नेमका कुठे असतो ते तिथे एकेक करून दिसतं.

झाडल्यावर पुंगळी फुगते आणि चेंबरचा आकार घेते. ती पुन्हा वापरायची तर साच्यातून दाबून आत घ्यावी लागते. चांगला भरणारा माणूस पुंगळीचा खांदा (ती मानेकडे निमुळती होते तो उतार) गरजेपुरताच मागे ढकलतो, इंचाच्या एक-दोन हजारांशाएवढा, म्हणजे 0.025 ते 0.05 मिलिमीटर. जास्त ढकलला तर प्रत्येक वेळी पुंगळी चेंबरमध्ये ताणली जाते, बुडाच्या जरा वर आतून पातळ होत जाते आणि एक दिवस तिथेच आडवी तुटते. त्या तुटीतून तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. बाहेरून पाहिलं तर आधी फक्त एक बारीक चकचकीत वलय दिसतं. जाणकार म्हणून आतून तार फिरवून खाच लागते का ते बघतात.

पितळ दर वेळी मान, म्हणजे गोळी धरणारा पुंगळीचा अरुंद भाग, लांबवतं. .308 ची पुंगळी 51.18 मिलिमीटरच्या पुढे गेली की तिचं तोंड चेंबरच्या टोकाला अडतं, गोळीला घट्ट धरून ठेवतं आणि दाब धोक्याच्या वर जातो. म्हणून ती कापून सारखी करतात. पितळ वारंवार वाकवल्याने कडकही होतं, मग मान गोळीला कधी घट्ट, कधी सैल धरते. त्यासाठी मान मोजून तापवतात. दारू तर ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत तोलतात, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत. एवढ्या बारकाईने काम करणाऱ्यांच्या हातूनही दोनदा दारू पडते, किंवा अजिबात पडत नाही. पहिल्यात रायफल फुटते. दुसऱ्यात नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत मध्येच अडकते आणि तिच्यामागून पुढची झाडली तर नळी फुगते किंवा फाटते.

ही सगळी मेहनत कशासाठी? 800 मीटर प्रतिसेकंद वेगाच्या गोळीत 10 मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तर 100 मीटरवर ती जेमतेम 2 मिलिमीटर खाली लागते. कुणाच्या लक्षातही येणार नाही. हजार मीटरवर तोच फरक सुमारे एक फूट होतो. जवळच्या अंतरावर झाकलेला दोष लांबवर उघडा पडतो. 100 मीटरवर सुरेख ग्रुप देणारं काडतूस लांबवर फसतं ते यामुळेच.

दुर्बीण, क्लिक आणि मिल

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही, तिथे डायॉप्टर साइट असते, मागे बारीक छिद्र आणि पुढे गोल रिंग. लांब पल्ल्यात मात्र दुर्बिणीशिवाय काम नाही, आणि दुर्बीण म्हटलं की सगळे आधी विचारतात, 'किती पट मोठं दिसतं?' हा प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न हा की तिचा टरेट, म्हणजे नेम सरकवायची फिरती चकती, सांगितलं तेवढंच हलतो का, आणि परत आणला की जागेवर येतो का.

टरेटची मापं दोन. एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 मीटरवर 29 मिलिमीटर. मिल म्हणजे हजार मीटरवर एक मीटर, 100 मीटरवर 10 सेंटिमीटर. 0.1 मिलचा एक क्लिक, म्हणजे टरेटचा एक टप्पा, 100 मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर सरकवतो. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना मिल सोपं जातं. आतल्या खुणा आणि टरेट एकाच मापात असले पाहिजेत, नाहीतर शॉट आणि शॉटच्या मधे भागाकार करत बसावं लागतं.

.308 ची 175 ग्रेनची गोळी 100 मीटरवर झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथेच लागेल अशी जुळवली, तर हजार मीटरसाठी साधारण 12-13 मिल वर चढवावं लागतं. आता दुर्बिणीचा एकूण पल्ला 20 मिल आहे असं धरा. झिरो मध्यावर बसला तर वर फक्त 10 उरले. दुर्बीण महाग असूनही पोहोचली नाही. यावर उपाय साधा आहे, दुर्बिणीखाली बसवायची, पुढे उतरती असलेली रेल. 20 एमओएच्या रेलने 5.8 मिल जास्त मिळतात. दुर्बीण धरणाऱ्या रिंगा, रेल, स्क्रू या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंनीच जास्त लोकांचा घात होतो. झिरो रोज सरकत असेल तर दुर्बिणीला दोष देण्याआधी रिंगांचे स्क्रू तपासा.

पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की दुर्बिणीतला क्रॉस टार्गेटवर सरकलेला दिसणं, हाही असाच. रायफल न हलवता डोकं किंचित डावी-उजवीकडे करा. क्रॉस टार्गेटवर सरकताना दिसला तर बाजूची चकती फिरवून तो थांबवा. गाल बटवर रोज वेगळ्या जागी टेकत असेल आणि पॅरॅलॅक्स राहिला असेल तर ग्रुप उगाचच मोठा होतो, आणि दोष मात्र काडतुसावर येतो.

नाशिकची हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. त्याच तापमानाला मुंबईच्या हवेपेक्षा इथली हवा सहा-सात टक्के विरळ. त्यात डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटेपेक्षा एप्रिल-मेच्या 40 अंशांची दुपार आणखी नऊ-दहा टक्के विरळ. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी, म्हणून ती वर लागते. एवढ्या फरकाने हजार मीटरवर अर्ध्या मिलहून जास्त बदल होतो. देवळालीच्या तोफखान्यात जे शिकवतात त्याचंच हे छोटं रूप आहे. तोफगोळा डागतानाही हवेचं तापमान, दाब, वारा आणि दारूचं तापमान गणितात धरावंच लागतं. पावसाळ्यातल्या दमट हवेला आपण जड म्हणतो, पण ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. गोळीवर तिचा परिणाम अगदी थोडा होतो.

50 मीटरवर हवेच्या विरळपणाची काळजी करायला नको. तिथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, आवाजाचा वेग. 8 अंशांना तो 336 मीटर प्रतिसेकंद असतो, 38 अंशांना 354. मॅचची .22 मुद्दाम या वेगाच्या खाली ठेवतात, कारण आवाजाची सीमा ओलांडताना गोळी डगमगते. हाय व्हेलॉसिटीची स्वस्त काडतुसं त्या सीमेच्या वर निघतात आणि वाटेत खाली येतात. म्हणून ती सरावालाही नकोत. दुसरी गोष्ट वारा.

बाजूच्या 1 मीटर प्रतिसेकंद वाऱ्याने .22 ची गोळी 50 मीटरवर सहा-सात मिलिमीटर सरकते. एवढ्या वाऱ्यात झाडाचं पान जेमतेम हलतं. आणि ती नुसती आडवी सरकत नाही. उजव्या पिळाच्या नळीतून निघालेली गोळी डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली जाते, उजवीकडून येणाऱ्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर. घड्याळाच्या दहा ते चारच्या रेषेत छिद्रांची तिरकी ओळ पडली असेल तर ती वाऱ्याची सही समजा. साइटचे क्लिक मग दोन्ही दिशांना द्यावे लागतात, हे नवख्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

50 मीटरच्या रेंजवर वाऱ्याची निशाणं 10 आणि 30 मीटरवर लावतात. 10 मीटरच्या निशाणाकडे जास्त लक्ष द्या. सुरुवातीला लागलेला ढकला गोळी पुढच्या सगळ्या अंतरात वागवत नेते, टार्गेटजवळ लागलेल्या ढकल्याला तेवढं अंतरच उरत नाही. लांब पल्ल्यात निशाणांच्या जोडीला झळ वाचावी लागते. ऊन चढलं की दुर्बिणीत टार्गेटपुढे पाण्यासारख्या लहरी वाहताना दिसतात. त्या सरळ वर उकळत असतील तर बाजूचा वारा नाही, किंवा तो दिशा बदलण्याच्या बेतात आहे. तिरक्या वाहत असतील तर त्या बाजूला वारा आहे. आडव्या सपाट धावू लागल्या की वारा जोराचा आहे. नाशिकला उन्हाळ्यात सकाळी दहानंतर झळ इतकी दाट होते की टार्गेटच जागचं हललेलं दिसतं. झिरो आणि लॉटची चाचणी त्याच्या आत उरकावी.

रेंजवर चुकतं ते

काडतुसांचं खोकं उन्हात उघडं ठेवतात. गोळीवरचं मेण मऊ होऊन ओघळतं, त्याला माती चिकटते आणि ती नळीत जाते. तापलेली दारू जोरात जळते आणि पहिले शॉट वर जातात. खोकं सावलीत, कापडाखाली ठेवा. बंद गाडीत तर मुळीच नको. नळी गरम असताना काडतूस चेंबरमध्ये भरून मिनिट-दोन मिनिटं नेम धरून बसलात तरी तोच परिणाम होतो. मन लागत नसेल तर काडतूस काढा, दम घ्या, पुन्हा भरा.

घोडा पडला आणि आवाज झाला नाही, तर रायफल टार्गेटच्या दिशेलाच धरून 30 सेकंद थांबा. ठिणगी उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, 'फुस्स' झालं, धक्का जाणवला नाही, तर पुढचं काडतूस अजिबात भरू नका. बोल्ट काढा आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का ते मागून पाहा. दिसला नाही तर रेंज ऑफिसरला बोलवा.

.22 ची गोळी शिशाची असते आणि प्रायमरच्या धुरातही शिसं असतं. बंद रेंजवर पंखे चालू असल्याची खात्री करा. शूटिंगनंतर हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका. लहान मुलांच्या बाबतीत हे आई-वडिलांनीच पाहायचं. शूटिंगचं जाकीट घरच्या कपड्यांत मिसळायचं नाही.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, तापमान, वारा, लॉट नंबर, किती गोळ्या झाल्या, कधी नळी साफ केली, किती क्लिक दिले. सहा महिन्यांनी त्याच वहीत दिसतं की नळी साफ केल्यावर पहिल्या कितीएक गोळ्या भटकतात, थंडीत झिरो किती क्लिक खाली येतो, आणि मॅचच्या आदल्या दिवशी नळी घासायची की नाही.